माल्टा: तटबंदीतली शहरे आणि तटाविना मंदिरे

सिसिलीच्या दक्षिणेला, शंभर किलोमीटरहून कमी अंतरावर, माल्टा, गोझो आणि कोमिनो या तीन बेटांचा मिळून एक देश वसलेला आहे. त्याचे क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरे एकत्र धरली तर त्यांच्या जवळपास निम्मे. एवढ्याशा भूमीवर फिनिशियन, रोमन, अरब, नॉर्मन, सेंट जॉनचे सरदार (ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांचा संघ), फ्रेंच आणि इंग्रज येऊन गेले. ज्याला किल्ले पाहण्याची सवय आहे त्याला इथे पाऊल ठेवल्यापासून बुरूज मोजण्याचा मोह होतो. आम्ही ऑक्टोबरात गेलो होतो. उन्हाची धार कमी झाली होती आणि जुलै-ऑगस्टमधली गर्दीही ओसरली होती.

गुरुवार: वॅलेटा

राजधानीत शिरण्याआधी तिच्या जन्माची कथा माहीत असणे आवश्यक आहे, नाहीतर शहर केवळ देखणे वाटते. ऱ्होड्सचे बेट १५२२ साली तुर्कांच्या हाती गेल्यावर सेंट जॉनच्या सरदारांचा संघ बेघर झाला. सम्राट पाचव्या चार्ल्सने १५३० साली त्यांना माल्टा दिले आणि त्याबदल्यात वर्षाला एक ससाणा एवढाच खंड ठरवला. सरदारांनी इथे बसून तुर्की जहाजे लुटण्यास आरंभ केला, आणि सुलतान सुलेमानाचे आरमार १८ मे १५६५ रोजी क्षितिजावर दिसले. वेढा घालणारे तीस हजारांच्या आसपास होते. आत सरदार पाचशेच्या घरात, आणि इतर सैनिक व स्थानिक माल्टीज माणसे धरून सहा-सात हजार. त्याच वर्षाच्या जानेवारीत दख्खनमध्ये राक्षसतागडीची लढाई होऊन विजयनगर मोडले होते, हे लक्षात घेतले की या वेढ्याचा काळ मराठी वाचकाला आपोआप जवळचा होतो.

वेढा सप्टेंबरात उठला. त्यानंतर संघाचा प्रमुख, म्हणजे ग्रँड मास्टर, ज्याँ द ला व्हॅलेट याने समोरच्या उघड्या खडकाळ डोंगरसोंडेवर नव्या शहराचा पाया २८ मार्च १५६६ रोजी घातला. पोपने पाठवलेला इटालियन अभियंता फ्रान्चेस्को लापारेल्ली याने आराखडा केला आणि जिरोलामो कास्सार या माल्टीज वास्तुकाराने पुढचे बांधकाम पार पाडले. म्हणून इथले रस्ते जुन्या शहरांसारखे वेडेवाकडे नाहीत. ते एकमेकांना काटकोनात छेदतात, दोन्ही टोकांना समुद्र दिसतो आणि दुपारीही वारा खेळता राहतो. उतार मात्र इतका की काही गल्ल्यांना रस्त्याऐवजी पायऱ्याच आहेत. वर हिरव्या, लाल, निळ्या रंगांचे बंद लाकडी सज्जे, खाली मधाच्या रंगाचा चुनखडीचा दगड. हा दगड खाणीतून काढल्यावर मऊ असतो आणि करवतीने कापता येतो. सगळा देशच त्यातून घडवलेला आहे.

शहराच्या प्रवेशद्वारापाशी जुन्या वेशीऐवजी आता रेन्झो पियानो या वास्तुकाराने केलेली रुंद खाच आहे आणि आत लगेच त्यानेच रचलेले संसद भवन. शेजारी ऑपेरा हाउसचे खांब उभे आहेत. ती इमारत दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या एप्रिलमध्ये, बॉम्बखाली कोसळली आणि पुन्हा बांधण्याऐवजी त्याच अवशेषांत उघडे नाट्यगृह केले गेले. यावरून वॅलेटात आजही वाद आहेत असे कळले. मला तो निर्णय योग्य वाटला, कारण नव्याने बांधलेल्या जुन्या इमारतीपेक्षा खरे भग्न खांब अधिक प्रामाणिक असतात.

दुपारी बाराच्या आधी अप्पर बराक्का बागेत पोहोचावे. कठड्याखाली तोफांची रांग आहे आणि ठीक बाराला एक तोफ उडते. आवाजापेक्षा समोरचे दृश्य महत्त्वाचे आहे: खाली ग्रँड हार्बर, पलीकडे बोटांसारख्या दोन भूशिरांवर बिर्गू आणि सेंग्लिया, डावीकडे बंदराच्या तोंडाशी सेंट एल्मोचा किल्ला. १५६५ चा वेढा कुठून कसा लढला गेला असेल, याचा नकाशाच डोळ्यांसमोर उलगडतो.

बुरुजांविषयी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. आपल्याकडचे डोंगरी किल्ल्यांचे बुरूज बहुधा गोल असतात. इथले सगळे बाणाच्या टोकासारखे कोनाकृती आहेत. तोफांचा काळ आल्यावर गोल बुरुजाच्या पायथ्याशी शेजारच्या बुरुजावरून मारा पोहोचू शकत नाही, तेवढी एक फट राहते आणि शत्रू तिथे सुरुंग लावतो, हे इटालियन अभियंत्यांच्या ध्यानात आले. कोनाकृती बुरुजाच्या प्रत्येक बाजूवर शेजारच्या बुरुजावरून गोळीबार करता येतो. ज्यांनी वसईचा किल्ला पाहिला आहे त्यांना ही आकृती ओळखीची वाटेल, कारण पोर्तुगीजांनीही तीच विद्या आपल्या किनाऱ्यावर आणली होती.

संध्याकाळी सेंट एल्मो पाहिला. १५५२ साली घाईने बांधलेला हा लहानसा तारकाकृती किल्ला वेढ्यात जवळजवळ महिनाभर टिकला आणि २३ जूनला पडला. याच लढाईत तुर्गुत रईस हा नामांकित तुर्की दर्यावर्दी प्राणघातक जखमी झाला. तुर्कांनी मेलेल्या सरदारांची धडे क्रूसाला बांधून पाण्यात सोडली, तर पलीकडून व्हॅलेटने तुर्क कैद्यांची शिरे तोफेतून परत पाठवली. किल्ल्यातल्या संग्रहालयात वेढ्याच्या कौतुकाला तोटा नाही, पण ही दोन्ही कृत्ये तिथे एकाच सुरात सांगितलेली आहेत, हे मला आवडले.

शुक्रवार: सेंट जॉनचे कॅथेड्रल

बाहेरून हे कॅथेड्रल कोठारासारखे कोरे दिसते. १५७३ ते १५७७ या काळात कास्सारने ते बांधले तेव्हा संघ नुकताच युद्धातून बाहेर पडला होता आणि वृत्तीने सैनिकी होता. आतली श्रीमंती पुढच्या शतकातली. मात्तिया प्रेती या चित्रकाराने १६६० च्या दशकात छतावर संत योहानाचे चरित्र थेट दगडावर तैलरंगांत रंगवले आणि भिंतींवर कोरीव वेलबुट्टी चढून सोन्याने मढली. तरीही सर्वांत जास्त वेळ गेला तो जमिनीवर. सुमारे चारशे सरदारांच्या कबरींवर रंगीत संगमरवराच्या पच्चीकारीत ढाली, तुताऱ्या आणि सांगाडे जडवलेले आहेत. काही सांगाड्यांच्या हातात विळा, काहींच्या हातात वाळूचे घड्याळ. युरोपातल्या बड्या घराण्यांतल्या या माणसांनी आपल्या छातीवरून लोकांनी चालावे अशी व्यवस्था स्वतःहून केली होती. आता टोकदार टाचांच्या चपला घालून आत जाण्यास मनाई आहे.

बाजूच्या प्रार्थनागृहात काराव्हाज्जोचे ‘संत योहानाचा शिरच्छेद’ हे चित्र आहे. ते १६०८ सालचे, पाच मीटरहून रुंद, आणि त्याने सही केलेले एकमेव चित्र. सही मानेतून वाहणाऱ्या रक्तात आहे. रोममध्ये खून करून पळालेला हा चित्रकार इथे आला, चित्र काढले, सरदारही झाला आणि काही महिन्यांतच मारामारीवरून कैदेत पडला. त्याने सेंट अँजेलो किल्ल्यातून पळ काढला आणि संघाने त्याला काढून टाकण्याचा विधी केला तो याच चित्रासमोर, याच खोलीत. चित्रात अर्ध्याहून अधिक जागा रिकाम्या भिंतीची आहे. माणसे एका कोपऱ्यात गोळा झालेली, मारेकरी पाठीमागचा सुरा काढत असलेला, आणि गजांआडून दोन कैदी मान ताणून पाहत असलेले. आम्ही तिथे बराच वेळ उभे होतो. लोक येत होते, मोबाइल उचलत होते आणि जात होते.

कॅथेड्रलनंतर दुसरे काही पाहण्याचा उत्साह उरत नाही. दिवसाचा उरलेला भाग आम्ही पास्तीत्सी खात आणि गल्ल्या उतरत-चढत घालवला. पास्तीत्सी म्हणजे असंख्य पदरांची, आत रिकोटा चीज किंवा वाटाण्याचे सारण भरलेली करंजी. शाकाहारी माणसाचे माल्टात तिच्यावर आणि बिजिल्ला नावाच्या भरडलेल्या बाकल्याच्या चटणीवर उत्तम भागते.

शनिवार: बिर्गू आणि सेंग्लिया

लिफ्टने बागेवरून धक्क्यावर उतरून होडीने बंदर ओलांडले. बिर्गू ही सरदारांची पहिली राजधानी आणि वेढ्याचे खरे रणांगण. तिच्या आणि सेंग्लियाच्या मधल्या खाडीवर तेव्हा लोखंडी साखळी बांधलेली होती. आता तिथे खासगी नौका नांगरलेल्या असतात आणि त्यांची किंमत पाहता, सुलतानाचा खजिना इथेच जमा झाला असावा असे वाटते. टोकाला सेंट अँजेलोचा किल्ला आहे.

बिर्गूत मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते इन्क्विझिटरचा वाडा. १५७४ पासून १७९८ पर्यंत, म्हणजे नेपोलियन येईपर्यंत, रोमच्या धर्मन्यायालयाचा प्रतिनिधी इथे राहत असे. त्यांतले दोघे, फाबियो किजी आणि अन्तोनियो पिन्यातेल्ली, पुढे पोप झाले. जगात अशा फार थोड्या इमारती शाबूत आहेत. गोव्यात १५६० साली सुरू झालेल्या इन्क्विझिशनची इमारत जुन्या गोव्यात आता उभी नाही आणि त्यामुळे त्या काळाविषयी बोलताना आपल्याकडे डोळ्यांपुढे जागाच येत नाही. गोव्यातले न्यायालय पोर्तुगालच्या राजसत्तेखालचे आणि हे रोमच्या हाताखालचे, हा फरक खरा. तरीही न्यायासनाची खोली, कैद्याला वाकूनच आत यावे लागेल असे ठेंगणे दार आणि कोठड्यांच्या मऊ दगडात कैद्यांनी खरवडलेली जहाजे, क्रूस आणि तारखा पाहताना कागदावरच्या इतिहासाला भिंती मिळतात. इथल्या नोंदींत जादूटोणा, धर्मद्रोही उद्गार, निषिद्ध पुस्तके असे आरोप भरपूर आढळतात. फासावर जाणारे विरळा, पण अपमान आणि कैद भोगणारे पुष्कळ.

सेंग्लियाच्या टोकाला एका बागेत दगडी टेहळणी मनोरा आहे आणि त्यावर एक डोळा आणि एक कान कोरलेला आहे. तिथून बंदराच्या पलीकडे वॅलेटाचा तट एका नजरेत येतो आणि एक विचित्र गोष्ट मनात येते. हा सगळा तट उभारल्यानंतर तुर्क त्याच्यावर चालून आलेच नाहीत. १७९८ साली नेपोलियन आला तेव्हा सरदारांनी काही दिवसांतच शरणागती पत्करली. पुढे त्याच तटाआड फ्रेंच शिबंदी अडकून पडली, बाहेरून माल्टीज शेतकऱ्यांनी आणि इंग्रज आरमाराने कोंडी केली आणि दोन वर्षांनी, १८०० च्या सप्टेंबरात, भुकेने दरवाजे उघडले. पुढे १९४२ साली शत्रू आकाशातून आला, त्याला तटांशी कर्तव्यच नव्हते.

याच बंदरात १८७८ साली मुंबईहून निघालेली जहाजे लागली होती. रशिया आणि तुर्कस्तान यांच्या संघर्षात दबाव आणण्यासाठी ब्रिटिश पंतप्रधान डिझरायलीने हिंदुस्थानातून सुमारे सात हजार सैनिक माल्टाला आणवले आणि त्यांत मुंबई इलाख्याच्या पलटणीही होत्या. लढाई झाली नाही. काही आठवड्यांनी ते सायप्रसकडे रवाना झाले. विलायतेत त्यावर पार्लमेंटमध्ये वाद रंगला, कारण हिंदी फौज युरोपच्या दारात आणण्याची ती पहिलीच वेळ होती. त्या शिपायांना या तटांविषयी काय वाटले असेल, हे मात्र कुणी विचारून ठेवलेले नाही.

रविवार: मार्साश्लोक आणि दक्षिण किनारा

सकाळी मार्साश्लोकचा मासळीबाजार पाहिला. पिवळ्या-निळ्या होड्यांच्या नाळीवर दोन डोळे रंगवलेले असतात, ही चाल फिनिशियनांपासूनची आहे असे सांगतात. बाजारात आता मासळीपेक्षा टॉवेल आणि चुंबकाच्या खेळण्यांची दुकाने अधिक आहेत. तासाभराने निघालो.

हाजर ईम आणि इम्नायद्रा ही मंदिरे मात्र अर्धा दिवस मागतात. इसवीसनपूर्व ३६०० ते २५०० या काळात माल्टात दगडी मंदिरे बांधणारा एक समाज होता. इजिप्तचे पिरॅमिड त्याच्या नंतरचे. धातूचे हत्यार नाही, चाक असल्याचा पुरावा नाही, आणि तरीही अनेक टन वजनाच्या शिळा उभ्या केलेल्या आहेत. मंदिरांचा आराखडा पाकळ्यांसारखा, मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना अर्धगोल दालने. इम्नायद्राच्या खालच्या मंदिरात वसंत आणि शरद संपाताच्या दिवशी उगवत्या सूर्याचा किरण दारातून सरळ आत जातो. हाजर ईमचा दगड मऊ जातीचा असल्याने वाऱ्याने खाल्ला आहे, म्हणून २००९ पासून दोन्ही ठिकाणी पांढरी छत्रे उभारली आहेत. छायाचित्रकारांची नाराजी होते, पण दगड वाचतात.

खाली समुद्र आणि त्यात फिल्फ्ला नावाचा ओसाड खडक. तीन दिवस तट, खंदक आणि बुरूज पाहिल्यानंतर इथे काय नाही ते प्रथम जाणवते: बचावाची भिंतच नाही. या लोकांनी हजार वर्षे बांधकाम केले, पण त्यांच्या मंदिरांभोवती तटबंदी सापडलेली नाही. यावरून ते शांतिप्रिय होते असा सरळ निष्कर्ष काढण्यास मी धजावणार नाही, कारण एवढ्या लहान बेटावर बाहेरचा शत्रू पोहोचणेच तेव्हा दुर्मीळ असेल. पण माल्टाला बंदर म्हणून किंमत आली आणि मगच त्याला भिंतींची गरज पडली, एवढे म्हणता येते.

सोमवार: एम्दीना, रबात, मोस्ता

सरदार येण्याआधी देशाची राजधानी बेटाच्या मध्यभागी, टेकडीवरच्या एम्दीनात होती. रोमन नगराचा एक भाग कापून तटबंदीने आवळला तो ८७० नंतर आलेल्या अरबांच्या काळात. बाहेर राहिलेले उपनगर म्हणजे रबात. एम्दीनात आज जेमतेम दोन-तीनशे माणसे राहतात, मोटारींवर बंधने आहेत आणि गल्ल्या मुद्दाम वळणदार आहेत, म्हणजे बाण सरळ जाऊ नये आणि ऊन खाली उतरू नये. दरवाजा मात्र १७२४ चा, ग्रँड मास्टर व्हिल्हेना याच्या हुकुमाने द मोंद्यों या फ्रेंच अभियंत्याने बांधलेला. ११ जानेवारी १६९३ च्या भूकंपात कॅथेड्रल पडले आणि लोरेन्झो गाफा या माल्टीज वास्तुकाराने ते नव्याने बांधले. दर्शनी भागावर दोन घड्याळे आहेत, एक वेळ दाखवते आणि दुसरे तारीख.

सहलींच्या बस साडेदहाला येतात. त्याआधी तासभर गाव खरोखर शांत असते, नंतर ‘शांत नगरी’ हे नाव फक्त फलकांवर उरते. पलीकडे रबातमधली संत पॉलची भुयारी दफनस्थाने पाहिली. खडकात कोरलेल्या गोल मेजाभोवती उतरती बैठक आहे. मृतांच्या स्मरणार्थ नातेवाईक तिथे जमून जेवत असत. श्राद्धाच्या जेवणाची परंपरा असलेल्या आपल्या लोकांना त्याचे वेगळे स्पष्टीकरण लागत नाही. ख्रिस्ती, ज्यू आणि इतर धर्मीयांच्या कबरी इथे शेजारी शेजारी आहेत.

मोस्ताचे चर्च परतीच्या वाटेवर. ९ एप्रिल १९४२ रोजी आत शेकडो माणसे प्रार्थनेला जमलेली असताना घुमट फोडून बॉम्ब खाली पडला आणि फुटला नाही. तशाच एका बॉम्बची प्रतिकृती तिथे ठेवलेली आहे. पुढच्याच आठवड्यात राजा सहाव्या जॉर्जने संपूर्ण बेटाला जॉर्ज क्रॉस हे शौर्यपदक दिले. त्या महिन्यांत पोटाला मिळत होते ते अगदी थोडे, आणि ऑगस्टमध्ये ‘ओहायो’ हे तेलवाहू जहाज इतर जहाजांच्या आधाराने कसेबसे बंदरात आले तेव्हा लोक तटांवर गर्दी करून उभे होते. दोरीवर पदक लावून भूक भागत नाही, असे तेव्हाच्या लोकांनाही वाटले असेल.

मंगळवार: गोझो

चिरकेव्वाहून फेरी पंचवीस मिनिटांत इमजारला नेते. भाडे परतीच्या वेळी द्यायचे असते. गोझोतल्या जगांतीया मंदिराची बाहेरची भिंत आजही सहा मीटरहून उंच आहे आणि काही शिळा पन्नास टनांच्या घरात जातात. राक्षसिणीने ती रचली अशी लोककथा आहे, आणि शिळांकडे पाहून तिच्यावर विश्वास ठेवणे हे सर्वांत सोपे.

गोझोत मुक्कामाचा खरा विषय म्हणजे चित्तादेल्ला हा गड. तुर्की आरमार १५५१ च्या जुलैत प्रथम माल्टावर आले, तिथे तट भक्कम दिसले तेव्हा गोझोकडे वळले. गडावर तोफा थोड्या, शिबंदी थोडी. काही दिवसांत गड पडला आणि बेटावरची बहुतेक सगळी माणसे, पाच हजारांहून अधिक, गुलाम करून नेण्यात आली. सरदारांनी त्यांच्यासाठी फौज पाठवली नव्हती. गोझो पुन्हा वस्तीला येण्यास अनेक दशके लागली आणि १६३७ पर्यंत शेतकऱ्यांना रात्री गडाच्या आत झोपण्याची सक्ती होती. वॅलेटातल्या प्रत्येक चौकात १५६५ चा विजय आहे. १५५१ साठी चित्तादेल्लातल्या काही फलकांवर जागा मिळाली आहे. माझ्या मते माल्टाचा इतिहास या दोन वर्षांच्या मधल्या अंतरात आहे.

गडावरच्या कॅथेड्रलला घुमट बांधण्यास पैसा उरला नाही म्हणून १७३९ साली अन्तोनियो मानुएले या चित्रकाराने सपाट छतावर घुमट रंगवला. दारातून आत आल्यावर तो खोल दिसतो, पुढे चालत गेल्यावर त्याचा बनाव हळूहळू उघडा पडतो. द्वेयरा येथे समुद्रात उभी असलेली ‘नीळी खिडकी’ ही दगडी कमान ८ मार्च २०१७ च्या वादळात कोसळली. तरी बस तिथे जातात आणि लोक जिथे कमान नाही तिथले फोटो काढतात.

बुधवार: हायपोजियम

हाल साफ्लीएनीचे भूगर्भातले मंदिर पाहण्यासाठी काही महिने आधी ऑनलाइन आरक्षण करावे लागते. दिवसाला ऐंशी माणसे, दर वेळी दहा जणांची तुकडी, मोबाइल आणि बॅगा बाहेर. श्वासातल्या दमटपणाने आणि कार्बन डायऑक्साइडने भिंतींवरची लाल रंगातली नक्षी खराब होते, म्हणून हा नियम. १९०२ साली घरांसाठी टाक्या खोदताना मजुरांना ते सापडले. तीन थरांत उतरत गेलेली दालने, सुमारे सात हजार माणसांच्या अस्थी आणि एका मोठ्या दालनात दगडातच कोरलेली मंदिराची दर्शनी बाजू. जमिनीवरच्या मंदिरांची छते उरलेली नाहीत, पण इथे कोरीव छत आत आत सरकत जाणाऱ्या पायऱ्यांचे आहे आणि त्यावरून हाजर ईमचे छत कसे असेल याचा अंदाज येतो. एका दालनात खालच्या आवाजात बोललेले शब्द सगळीकडे घुमतात. वाटाड्या आवाज लावून दाखवते, पण पर्यटकांना ते करू दिले जात नाही.

इथे सापडलेली निजलेली स्त्री ही हाताच्या पंजाएवढी मातीची मूर्ती वॅलेटाच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. ती एका कुशीवर निवांत झोपली आहे. ज्यांना जमेल त्यांनी मंदिरे आधी पाहावीत आणि संग्रहालय शेवटी, कारण इथे सापडलेल्या वस्तू कुठून आणि कशाच्या सोबत आल्या हे माहीत असल्याशिवाय त्या नुसत्या काचेमागच्या बाहुल्या दिसतात. आम्ही हायपोजियमहून थेट बसने वॅलेटाला गेलो आणि संग्रहालय बंद होण्याच्या आधी दोन तास त्यांच्यासमोर काढले.